डुमसच्या वाळूचा धडा

थायलंडमधील पट्टाया येथे मार्च २०२५ मध्ये आशियाई बीच सॉकर चषक स्पर्धा झाली. सोळा राष्ट्रांच्या त्या स्पर्धेत भारताचा संघ २००७ नंतर प्रथमच उतरला, आणि यजमान थायलंड, कुवेत व लेबनॉन यांच्या गटातून पुढे न जाताच परतला. इराणने अजिंक्यपद राखले, ओमान उपविजेता ठरला. या पराभवाची आपल्याकडे कोणी फारशी वाच्यता केली नाही. क्रिकेटच्या हंगामात वाळूवरच्या फुटबॉलची आठवण कोणास व्हावी? तथापि एका प्रश्नाकडे डोळेझाक करता येणार नाही. आपल्या किनाऱ्याची लांबी जुन्या मोजणीने साडेसात हजार किलोमीटर आणि अलीकडच्या मोजणीने अकरा हजारांहून अधिक किलोमीटर भरते. ज्या देशाजवळ एवढी वाळू आहे, त्याला वाळूवरच्या खेळात राष्ट्रीय संघ उभा करावयास अठरा वर्षे का लागावीत? आणि अरबी समुद्राच्या पलीकडच्या तीरावरील ओमान ज्या खेळात आशियाच्या अंतिम सामन्यापर्यंत जातो, त्यात अलीकडच्या तीरावरील आपण प्राथमिक गटातच का गारद व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर सुरतेकडे वळले पाहिजे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने देशातील पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा २०२३ मध्ये, प्रजासत्ताकदिनापासून १ फेब्रुवारीपर्यंत, सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर भरविली. तापीच्या मुखाजवळचा हा किनारा काळ्या वाळूसाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या खेळांशी त्याची ओळख त्याच्या काही महिने आधीच झाली होती. २०२२ च्या शरद ऋतूत गुजरातेत ३६ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाली, तेव्हा वाळूवरचा व्हॉलीबॉल आणि हँडबॉल हे प्रकार डुमसलाच खेळले गेले. फुटबॉलच्या या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना केरळ आणि पंजाब यांच्यात झाला व केरळने तो १३ विरुद्ध ४ गोलांनी जिंकला. केरळचे यश कोणाला आश्चर्याचे वाटणार नाही. विचार करावयास लावणारी गोष्ट आहे ती उपविजेत्याची. पंजाबला समुद्र नाही. सतलज आणि बियासच्या काठची मुले अरबी समुद्राच्या काठी आली आणि अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. त्या समुद्राकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंड करून बसलेले गोवा आणि महाराष्ट्र मात्र अंतिम सामन्यात नव्हते.

हा खेळ काय आहे, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. प्रत्येक बाजूस पाच खेळाडू असतात, त्यांतला एक गोलरक्षक. सारे अनवाणी खेळतात. मैदान साधारण छत्तीस मीटर लांब आणि सत्तावीस मीटर रुंद, म्हणजे नेहमीच्या फुटबॉलच्या मैदानाचा लहानसा तुकडाच. बारा-बारा मिनिटांचे तीन डाव होतात आणि बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात. बरोबरी या खेळाला मान्य नाही. तीन मिनिटांच्या जादा वेळातही निकाल लागला नाही, तर पेनल्टी किकवर तो लावला जातो. चेंडू वाळूवरून सरळ घरंगळत नसल्यामुळे तो हवेतच खेळवावा लागतो. त्यामुळे पाठीवर पडता पडता मारलेली बायसिकल किक येथे नवलाईची राहत नाही, नित्याचीच होते. फ्री किकपुढे खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही आणि कोठूनही गोलावर नेम धरता येतो. म्हणूनच येथे गोलांचा पाऊस पडतो. पण वाळूत धावणे म्हणजे काय, हे ज्याने भरतीच्या रेषेवर जाळी ओढली आहे त्यालाच कळेल. गवतावर तासभर न दमणारे पाय वाळूवर दहा मिनिटांत जड होतात.

या खेळाचे जन्मस्थान ब्राझिलचा किनारा. रिओच्या कोपाकबानावर मुले पिढ्यान्‌पिढ्या तो खेळत आली. त्याला लिखित नियमांची चौकट १९९२ मध्ये मिळाली, १९९५ मध्ये त्याच कोपाकबानावर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २००५ मध्ये फिफाने ती आपल्या छत्राखाली घेतली. फिफाची पहिली स्पर्धाही रिओतच झाली. पण ती ब्राझिलने जिंकली नाही, एरिक कॅन्टोना याच्या मार्गदर्शनाखालील फ्रान्सने जिंकली. त्यानंतरचा इतिहास आपल्यासारख्या देशाने बारकाईने वाचावा असा आहे. प्रशांत महासागरातील ताहिती हे बेट. ज्या फ्रेंच पॉलिनेशियाचा ते भाग आहे, त्याची सारी लोकसंख्या तीन लाखांहून कमी. या चिमुकल्या बेटाने २०१३ मध्ये विश्वचषक आपल्या अंगणात भरविला आणि २०१५ व २०१७ अशा लागोपाठ दोन स्पर्धांत अंतिम सामना गाठला. २०२५ च्या मे महिन्यात सीशेल्सने विश्वचषकाचे यजमानपद भूषविले. लाख-सव्वा लाख वस्तीचे हे राष्ट्र आपल्या एखाद्या तालुक्याएवढे! लहान बेटांना या खेळाने जगाच्या नकाशावर स्थान मिळवून दिले.

केवळ बेटेच पुढे गेली असती, तर समुद्राची कृपा असे म्हणून आपण हा विषय बाजूला सारू शकलो असतो. पण सीशेल्समध्ये ब्राझिलशी अंतिम सामना कोण खेळला? बेलारुस. ब्राझिलला तो सामना ४ विरुद्ध ३ अशा निसटत्या फरकाने जिंकावा लागला. बेलारुसला एक वीतभरही समुद्रकिनारा नाही. त्याआधी २००९ मध्ये दुबईच्या विश्वचषकात उपविजेता ठरलेला स्वित्झर्लंड हाही चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला देश. आपल्याकडचा अनुभव निराळा नाही. जानेवारी २०२४ मध्ये दीवच्या घोघला किनाऱ्यावर वाळूवरच्या विविध खेळांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत सर्वसाधारण विजेतेपद मिळविले मध्य प्रदेशाने! समुद्रकिनारा नसलेल्या राज्याने किनाऱ्यावरच्या खेळांत किनारी राज्यांना मागे टाकावे, याला योगायोग कसे म्हणावे? बेलारुस, स्वित्झर्लंड, पंजाब आणि मध्य प्रदेश एकच गोष्ट सांगतात. समुद्र निसर्ग देतो. खेळ मात्र माणसांना उभा करावा लागतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही आपल्याकडची म्हण जणू आपल्या किनारी राज्यांसाठीच रचलेली आहे.

केरळ आणि पंजाब यांनी तो कसा उभा केला? दोघांचे मार्ग वेगळे आहेत. मलबारात सात-सात जणांच्या फुटबॉलची जुनी परंपरा आहे. भात कापून झाले की शेतात, मोकळ्या जागेत लहान मैदान आखले जाते आणि हजारो माणसे ते सामने पाहावयास जमतात. आखूड मैदान, झटपट निर्णय आणि चेंडूवरचे घट्ट नियंत्रण हे गुण तेथे आपोआप अंगी मुरतात. शिवाय तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेकडील विळिंजम, पोळियूर यांसारख्या मच्छीमार वस्त्यांनी राज्याला संतोष चषकाचे खेळाडू दिले आहेत. त्या मुलांचे पहिले मैदान वाळूच होती. पंजाबला वाळू नव्हती, पण माहिलपूरसारख्या गावांतून फुटबॉलचे संस्कार होते आणि फगवाड्याच्या जेसीटीसारख्या संघाची स्मृती होती. देशातील पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये याच संघाने जिंकली होती. तो २०११ मध्ये बंद पडला, तरी त्याने रुजविलेला खेळ बंद पडला नाही. पायांत फुटबॉल असेल तर वाळू शिकता येते; पायांत फुटबॉल नसेल तर नुसती वाळू काही शिकवीत नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू. गोमंतकाला फुटबॉल शिकविण्याची गरज नाही. १९८३-८४ चा संतोष चषक एकही गोल न स्वीकारता जिंकणारा ब्रह्मानंद शंखवाळकर यांचा संघ आजही येथल्या जुन्या माणसांच्या जिभेवर आहे. गोव्याने संतोष चषक एकूण पाच वेळा आणला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला झाले. पण २०१६ मध्ये येथील नामांकित क्लबांनी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. त्यानंतर गावागावांतल्या मुलांपुढे पूर्वी जो जिना होता, त्याच्या मधल्या पायऱ्याच नाहीशा झाल्या. २०२३ च्या अखेरीस गोव्यात ३७ वी राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाली, तीत वाळूवरच्या फुटबॉलचाही समावेश होता. आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि केरळकडून हरला. म्हणजे गुण आहेत, आवड आहे, प्रेक्षकही आहेत; नाही ते सातत्य. एका पंधरवड्याचा उत्सव झाला, तंबू उठले, गोलांचे खांब निघाले. उत्सवानंतर ती वाळू मुलांना रोजच्या खेळासाठी मिळत नसेल, तर त्या पंधरवड्याने मागे काय ठेवले? नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते हेच.

महाराष्ट्राची स्थिती याहून विचार करण्यासारखी आहे. डहाणूपासून शिरोड्यापर्यंत पसरलेला ७२० किलोमीटरांचा किनारा, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य प्रत्येक मुलाला तोंडपाठ असते. मुंबईच्या जुहूवर आणि मालवणच्या दांड्यावर सायंकाळी चेंडू उडताना दिसतोही. पण तो चेंडू शाळेच्या, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत कोणत्या वाटेने जाईल? कोकणातल्या बहुसंख्य शाळांना धड मैदान नाही. डोंगर आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी घरे, माड आणि रस्ते यांनीच भरून जाते. ज्या गावाला सपाट मैदान देणे निसर्गाला जमले नाही, त्या गावाला त्याने वाळवंट दिले आहे. पाच मुले, एक चेंडू आणि चार खांब एवढ्यावर उभा राहणारा, बूटसुद्धा न मागणारा हा खेळ कोकणासाठीच जन्मला असे वाटावे. पण आपली दृष्टी सदैव महागड्या कृत्रिम गवताकडे.

अर्थात वाळू फुकट असली तरी मैदान फुकट होत नाही, हेही सांगितले पाहिजे. खेळाच्या नियमांप्रमाणे वाळूचा थर किमान चाळीस सेंटिमीटर खोल आणि चाळून शिंपले, खडे काढलेला हवा. नाहीतर अनवाणी पायांना जखमा ठरलेल्याच. डुमसची अडचण तर याहून मोठी. ज्या खंभातच्या आखाताच्या तोंडाशी हा किनारा आहे, तेथील भरती-ओहोटीचा फरक साऱ्या देशात सर्वाधिक. ओहोटीच्या वेळी आखलेले मैदान भरती क्षणात गिळून टाकते. त्यामुळे भरतीच्या रेषेवर जागा राखून, वाळू चाळून, ती वर्षभर सांभाळावी लागते. एका स्पर्धेसाठी हा खर्च करून मग मैदान मोडणे हा शुद्ध अपव्यय होय. तेच मैदान कायम राखले, तर त्यावर शेकडो मुले खेळू शकतात.

आणि ती मुले कोण असतील, याचा विचार सुरतेपुरताच केला तरी चित्र स्पष्ट होते. ज्या तापीच्या मुखाशी डुमस वसले आहे, ती तापी खानदेशातून वाहत येते, आणि तिच्याच काठाने, भुसावळ-सुरत लोहमार्गाने, जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील माणसे गेली कित्येक दशके सुरतेत येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा येथील यंत्रमाग आणि कापडाच्या गिरण्या यांवर त्यांचे संसार उभे आहेत. त्यांच्या मुलांसाठी सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. या वस्त्यांत घरेच दाटीवाटीची, तेथे मैदान कोठले? सुटीच्या दिवशी डुमसला जावे, टोमॅटोची भजी खावीत, काळ्या वाळूत पाय बुडवून परत यावे, एवढाच समुद्राशी त्यांचा संबंध. ज्या शहरात देशातील पहिली राष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा झाली, तेथील लिंबायतच्या मुलाला त्या वाळूवर आठवड्यातून दोन दिवस, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली खेळावयास मिळते काय? सुरतेच्या यशाचे आमच्या मते हेच खरे माप आहे. १९९४ च्या प्लेगने बदनाम झालेले हे शहर पुढे स्वच्छतेत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिले आले. मनावर घेतले तर सुरत काय करू शकते, हे निराळे सांगावयास नको. डुमसच्या किनाऱ्याच्या विकासाची मोठी योजनाही तेथील महापालिकेने हाती घेतली आहे. तिच्या आराखड्यात बागा, फिरण्याचे रस्ते आणि खाद्यपदार्थांचे गाळे यांच्या जोडीला मुलांच्या रोजच्या खेळाची वाळू असावी, एवढीच अपेक्षा.

येथे हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. किनारा कोणाचा, या जुन्या वादाला तो येऊन भिडतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलली गेली. प्रत्येक वेळी बांधकामाला किती वाव द्यावा, याचीच चर्चा अधिक झाली. माणसाला वाळू किती उरावी, याची फारशी झाली नाही. दुसरीकडे समुद्र स्वतःही वाळू मागतो आहे. १९९० ते २०१८ या काळातील केंद्रीय पाहणीनुसार देशाच्या किनाऱ्याचा तिसरा हिस्सा कमी-अधिक प्रमाणात खचतो आहे. बंधारे, बंदरे, वाळूचा उपसा आणि किनाऱ्याला खेटलेली बांधकामे यांच्या कात्रीत जी वाळू उरली, तिच्यावर खाटा आणि छत्र्या मांडल्या जातात. मग गावच्या मुलाने चेंडू घेऊन जावे कोठे? रिकामा दिसणारा किनारा कोणालाही घशात घालता येतो. रोज शे-दोनशे मुले खेळतात तो किनारा विकणे, भाड्याने देणे किंवा कुंपणात घालणे सोपे जात नाही, कारण त्याला राखणदार असतात. वाळूवरचा फुटबॉल किनाऱ्याचा असा राखणदार होऊ शकतो. उलट स्पर्धेच्या निमित्ताने काँक्रीटची प्रेक्षागृहे आणि कायमची दुकाने उभी राहिली, तर हाच खेळ किनारा बळकावण्याचे निमित्त ठरेल. यांतले काय घडावे, हे आपण आजच ठरविले पाहिजे.

अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद मिळाले आहे आणि ऑलिंपिकचेही वारे वाहत आहेत. अशा वेळी एखादी आंतरराष्ट्रीय बीच सॉकर स्पर्धा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरवावी, ही इच्छा कोणाच्या मनात आली तर ती गैर नाही. ताहितीने तसे केलेच होते. पण ताहितीच्या खेळाडूंनी त्या मांडवात चौथे स्थान मिळविले आणि पुढच्या दोन्ही वेळी अंतिम सामना खेळला. यजमानाजवळ संघ नसेल, तर यजमानपण म्हणजे दुसऱ्याच्या वरातीसाठी मांडव घालणे होय. आधी घर बांधावे, मग पाहुण्यांना बोलवावे, हा साधा व्यवहार आहे.

घर बांधावयाचे तर करावयाच्या गोष्टी फार अवघड नाहीत. प्रत्येक किनारी तालुक्यात भरतीच्या रेषेवर, बांधकामाविना, एक तरी वाळूचे मैदान कायमचे राखले जावे. पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे हा त्याचा हंगाम असावा. शालेय क्रीडास्पर्धांत या खेळाला स्थान मिळावे, म्हणजे क्रीडाशिक्षकांना तो शिकविण्याचे प्रयोजन उरेल. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, पालघर, गोव्याचे जिल्हे, दमण, दीव, वलसाड, नवसारी आणि सुरत यांच्यात दरवर्षी एक साखळी स्पर्धा व्हावी. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव एकाच संघप्रदेशात नांदत होते. खेळाच्या निमित्ताने ती जुनी ओळख पुन्हा ताजी झाली तर बिघडले काय? हे करताना दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. पहिले मच्छीमारांचे. होड्या ओढण्याची आणि जाळी वाळविण्याची जागा त्यांचीच राहिली पाहिजे, आणि मैदान त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच मुलांसाठी आखले गेले पाहिजे. दुसरे पथ्य कासवांचे. मोरजी, आगोंद, गालजीबाग, वेळास अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. तेथे रात्रीचे दिवे आणि गोंगाट यांना स्थान असता कामा नये. खेळ दिवसाही खेळता येतो.

पट्टायातील पराभवाचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. अठरा वर्षांनी संघ उतरला हेही काही थोडे नव्हे, आणि त्या संघामागे डुमसची स्पर्धा उभी होती हे सुरतेला भूषणावह आहे. पण पहिली स्पर्धा ही पेरणी असते. तिला दरवर्षी पाणी घालावे लागते. महासंघाने, राज्यांच्या क्रीडाखात्यांनी आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी ते आपले काम मानले, तर येत्या दहा वर्षांत ओमानच्या संघापुढे या तीरावरची मुले ताठ मानेने उभी राहतील. आणि सामना हरली तरी त्यांच्या पायांखाली वाळू असेल. ती वाळू त्यांच्यासाठी राखून ठेवणे हे आजच्या वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.